पाणी गार नसतं, गार करून जातं

नागपूरहून डोंबिवलीला बिऱ्हाड हलवलं तेव्हा ट्रकमध्ये सगळ्यात जास्त जागा अडवली ती पत्र्याच्या कूलरने. 'हे धूड तिकडं कशाला नेता?' असं हमालाने विचारलंही होतं. मी हसण्यावारी नेलं. वीस उन्हाळे ज्याच्यापुढे झोपलो, तो कूलर टाकून जायचं? एप्रिलमध्ये तो खिडकीला लागला, टाकी भरली, पंप सुरू झाला. आठ दिवसांत चादरी दमट झाल्या, डब्यातले पापड सादळले, कपाटामागच्या भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके उमटले आणि घामाच्या धारा होत्या तशाच राहिल्या. कूलर तोच, खस तीच, पाणी तर जरा जास्तच चांगलं. बदललं होतं फक्त गाव.

पंधरा दिवस मी यंत्रात दोष शोधत होतो. तो माझ्या समजुतीत होता. पाणी गार असतं म्हणून ते गारवा देतं, असं आपण धरून चालतो. पण नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी टाकीतून येणारं पाणी चांगलं कढत असतं, आणि त्याच पाण्यावर कूलर खोली गार करतो. गारवा येतो तो पाणी उडून जाताना. त्याला जायला वाट मिळाली नाही, तर ते नुसतं ओलं करतं. हे एकदा डोक्यात बसलं की माठ कुठे ठेवावा, कूलरपुढची खिडकी उघडी ठेवावी की बंद, गच्चीवर पाणी ओतावं की चुना मारावा, या सगळ्याची उत्तरं आपोआप सुचायला लागतात.

पाण्याचे दोन स्वभाव

पहिला स्वभाव म्हणजे पाणी लवकर तापत नाही आणि तापलं की लवकर निवतही नाही. गॅसवर रिकामं पातेलं ठेवलं तर ते मिनिटभरात चटका देतं. त्यात लिटरभर पाणी असलं की आधण यायची वाट बघत बसावं लागतं. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच वजनाच्या दगडाला, वाळूला किंवा काँक्रीटला त्याच्या साधारण पाचवा हिस्सा पुरतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण समुद्र. मुंबईत जानेवारीतलं दुपारचं सरासरी कमाल तापमान ३०-३१ अंशांच्या आसपास असतं आणि मे महिन्यातलं ३३-३४. फरक जेमतेम तीन-चार अंशांचा. नागपुरात हेच जानेवारीत २८-२९ आणि मे महिन्यात ४२-४३ असतं. दोन्ही शहरं महाराष्ट्रातच. पण एकाच्या शेजारी समुद्राची कोठी आहे, उन्हाळ्यात उष्णता पोटात घेणारी आणि थंडीत ती हळूहळू सोडणारी. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे याच स्वभावाची पोरं. दिवसा जमीन आधी तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो, रात्री ती आधी निवते म्हणून जमिनीवरून समुद्राकडे जातो.

दुसरा स्वभाव उडून जाण्याचा. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यातल्या एकाला हवेत जायचं तर ही पकड तोडावी लागते, आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो आजूबाजूच्या पाण्यातून, हवेतून, आपल्या कातडीतून घेऊन जातो. ३० अंशांना एक लिटर पाणी उडायला सुमारे २,४०० किलोज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत जवळजवळ ५८ लिटर पाणी दहा अंशांनी तापलं असतं.

साठवणं आणि उडणं, पाण्याची ही दोन वेगळी कामं. कोणतं काम सांगायचं हे ठरवण्याआधी आपल्या गावची हवा बघावी लागते.

आधी हवा तपासा

यासाठी दोन साधे काचेचे थर्मामीटर आणा, हवेचं तापमान मोजणारे. तापाचा थर्मामीटर यासाठी चालत नाही. एकाच्या खालच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळा आणि ती साध्या पाण्यात भिजवा. दोन्ही थर्मामीटर सावलीत शेजारी-शेजारी टांगून त्यांच्यावर पंखा सोडा. पाचेक मिनिटांनी दोन्ही वाचा. ओल्या चिंधीचा पारा खाली आलेला दिसेल. दोघांतला फरक जितका मोठा, तितकं तुमच्या हवेला पाणी हवंहवंसं आहे.

हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, जशी विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी असते, तर ओला थर्मामीटर साधारण २३ अंशांवर येतो. फरक वीस अंशांचा. चांगला कूलर या फरकाचा पाऊण हिस्सा पदरात पाडतो, म्हणजे बाहेर ४३ असताना जाळीतून येणारी हवा २८ अंशांची. किनाऱ्याजवळ ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर ओला थर्मामीटर २८-२९ च्या खाली उतरत नाही. तिथे कूलरने कितीही जीव काढला तरी चार अंशांच्या पलीकडे काही हाती लागत नाही, आणि बदल्यात खोलीत दमटपणा भरतो. माझ्या पापडांचं कोडं असं सुटलं.

ढोबळ नियम असा धरा. फरक दहा अंशांहून जास्त असेल तर कूलर, माठ, ओले पडदे, सगळं खुशाल वापरा. पाच ते दहा असेल तर माठ उत्तम चालेल, कूलर बेताचा. पाचाच्या खाली असेल तर पाण्याचा नाद सोडा. पंखा आणि आरपार वारा हाच उपाय. हा हिशेब ऋतूबरोबर बदलतो हेही लक्षात असू द्या. नागपुरातही पावसाची पहिली सर पडून गेली की कूलर चिकचिक करायला लागतो. तेव्हा पंप बंद करून नुसता त्याचा पंखा चालवावा.

माठ: पेलाभर पाण्याची किंमत

माठातलं थोडं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून पाझरतं, बाहेरच्या अंगावर येतं आणि उडतं. हिशेब करून बघा: दहा लिटरच्या माठातलं पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी उडालं तर उरलेलं ११-१२ अंशांनी उतरायला हवं. बाहेरची उष्णता आत येतच राहते म्हणून प्रत्यक्षात जास्त पाणी खर्चावं लागतं. पण खर्चायला वाव असला तरच. म्हणून काही गोष्टी पाळा.

नवा माठ एक दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा आणि त्यातलं पहिलं पाणी ओतून द्या. माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओट्याखाली दडपू नका. सावलीत पण वाऱ्याच्या वाटेवर, घडवंचीवर किंवा तिवईवर ठेवा, म्हणजे खालूनही वारा लागेल. खाली परातीत ओली वाळू ठेवली तर आणखी चांगलं. बाहेरून ऑइलपेंटने रंगवलेला नक्षीदार माठ दिसायला छान असतो, पण त्याची छिद्रं बुजलेली असतात. तो घाम गाळत नाही, म्हणून पाणी गार करत नाही. साबण लावू नका, तो मातीत शिरतो आणि पाण्याला वास येतो. काथ्याने घासलं की पुरे.

माठाच्या अंगावर पांढरे पट्टे आले तर घाबरायचं कारण नाही. पाणी उडून गेलं आणि त्यातले क्षार मागे राहिले, एवढाच त्याचा अर्थ. मात्र बोअरचं जड पाणी असेल तर याच क्षारांनी छिद्रं बंद होतात आणि दोन महिन्यांत माठ 'म्हातारा' होतो. दर हंगामाला नवा माठ घ्यायची जुनी रीत त्यासाठीच आहे. माठ रात्री झोपताना भरा. पहाटेपर्यंत त्याला निवांत निवायला वेळ मिळतो. भर दुपारी कोमट पाण्याची घागर ओतली की सकाळपासूनची कमाई बुडते. आणि माठ पाणी गार करतो, शुद्ध करत नाही. गाळून उकळलेलं किंवा फिल्टरचं पाणीच त्यात भरा, आणि पेला बुडवण्याऐवजी लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

कूलर: खिडकी उघडा, बर्फ ठेवून द्या

कूलरच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे खोली बंद करून तो लावणं. एसीची सवय इथे नडते. कूलरने सोडलेली ओली हवा बाहेर गेली नाही तर तीच पुन्हा खसमधून फिरते, आणि अर्ध्या तासात तिची पाणी घ्यायची ताकद संपते. म्हणून कूलरची पाठ खोलीबाहेर हवी आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं. किती उघडं, याची खूण सोपी आहे: समोरच्या खिडकीचा पडदा बाहेरच्या बाजूला ओढला जाताना दिसला की बरोबर. पडदा निपचित लोंबत असेल तर आणखी उघडा.

दुसरी चूक टाकीत बर्फ टाकण्याची. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. एक लिटर पाणी उडताना त्याच्या सातपट घेतं. म्हणजे बर्फाची लादी आणून मिळतो त्याहून जास्त गारवा सुकलेल्या खसचा एक कोपरा नीट भिजवून मिळेल. खस किंवा पॅड वरपासून खालपर्यंत सारखं ओलं आहे का ते रोज बघा; कोरडा पट्टा दिसला तर त्यातून गरम हवा सरळ आत येतेय असं समजा. वरच्या नळीची भोकं क्षारांनी बुजतात, ती दाभणाने मोकळी करा. हंगामाच्या सुरुवातीला खस बदला. पाणी उडतं पण क्षार टाकीतच साठत जातात, म्हणून नुसती भर घालत राहू नका. अधूनमधून टाकी पूर्ण उपसा.

पाणी किती लागेल? तासाला आठ लिटर पाणी उडालं तर ते दीड टनाच्या एसीइतकी उष्णता उचलतं. वीज लागते ती फक्त पंखा आणि पंप चालवण्यापुरती. पण टँकरवर जगणाऱ्या वस्तीत हे आठ लिटरही मोजूनच वापरायचे असतात.

दोन गोष्टींत अजिबात हयगय नको. पहिली, विजेची. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. पाणी भरताना बटण बंद करून थांबू नका, प्लगच काढा. अर्थिंग तपासून घ्या, घराच्या मेन बोर्डात गळतीचा करंट लागताच वीज तोडणारा स्विच बसवा, ओल्या पायांनी पत्र्याला हात लावू नका आणि लहान मुलांना जाळीपासून लांब ठेवा. दुसरी, डासांची. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा: टाकी रिकामी करा, भिंती घासा, उन्हात वाळवा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी टाकीच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात.

गच्ची, अंगण आणि टाकी

'गच्चीवर दुपारी पाणी मारलं तर?' असं अनेक जण विचारतात. मे महिन्यात आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसभरात सहा-सात युनिट विजेइतकं ऊन ओतलं जातं. ते सगळं पाण्याने उचलायचं तर प्रत्येक चौरस मीटरला दिवसाला दहा लिटर पाणी उडवावं लागेल. पाचशे चौरस फुटांच्या गच्चीला रोज साडेचारशे लिटरहून जास्त. पिण्याला पाणी नसताना हा शौक कुणाला परवडणार? त्यापेक्षा गच्चीला पांढरा चुना मारा. ऊन आत शिरायच्या आधीच परतवलं तर पाण्याचं काम उरतच नाही. पत्र्याचं घर असेल आणि थोडं पाणी हाताशी असेल, तर पत्र्यावर गोणपाट अंथरून ते ओलं ठेवा. उघड्या पत्र्यावरून पाणी घरंगळून वाया जातं, गोणपाट ते धरून ठेवतं आणि सावकाश सोडतं.

अंगणात सडा घालायची वेळ सूर्य कलल्यावरची. दिवसभर तापलेली माती किंवा फरशी आपली उष्णता त्या पाण्याबरोबर सोडते आणि रात्री बाजेवर पडणाऱ्याच्या पाठीला ती झळ लागत नाही. भर उन्हात घातलेला सडा घटकाभराचा.

गच्चीवरच्या काळ्या टाकीत मात्र पाण्याचा पहिला स्वभाव कामाला लावता येतो. टाकी पहाटे काठोकाठ भरा. ऊन तेवढंच, पण ते जास्त पाण्यात वाटलं जातं, म्हणून भरलेली टाकी सावकाश तापते आणि निम्मी टाकी दुपारीच चटके देते. टाकीला पांढरा रंग दिला किंवा वर सावली केली तर संध्याकाळच्या आंघोळीला पाणी जाळणार नाही.

शेतकऱ्यासाठी: उन्हाळ्यात कक्ष, थंडीत विहीर

भाजीपाला काढल्यापासून बाजारात पोचेपर्यंत तो सुकू नये म्हणून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने शून्य ऊर्जा शीतकक्ष विकसित केला. माठाचाच तो विटांचा भाऊ. सावलीत, वाऱ्याच्या जागी विटांचा एक थर जमिनीवर मांडा. त्यावर विटांची दुहेरी भिंत उभारा, दोन भिंतींत साडेसात सेंटीमीटर जागा सोडा आणि ती वाळूने भरा. वर बांबूच्या चौकटीवर वाळ्याचं किंवा गोणपाटाचं झाकण. सकाळ-संध्याकाळ वाळू, विटा आणि झाकण भिजवा. कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १०-१५ अंशांनी कमी राहतं आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास. मेथी, पालक, टोमॅटो यांना ही जागा मानवते. कांदा-लसूण मात्र चुकूनही ठेवू नका. त्यांना कोरडी हवा लागते, दमटपणात ते सडतात.

थंडीत उलटा हिशेब. निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत घसरतो तेव्हा द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबक सुरू करतात. विहिरीचं पाणी जमिनीच्या पोटातलं असल्यामुळे तेव्हा हवेपेक्षा बरंच ऊबदार असतं; पहाटे विहिरीवर वाफ दिसते ती त्यामुळेच. असं पाणी मुळांशी गेलं की ते आपली ऊब मातीला देतं. शिवाय ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री हळू सोडते. थंडीच्या लाटेचा अंदाज आला तर बागेत कोरडी, भुसभुशीत माती ठेवू नका. रात्री उशिरा किंवा पहाटे हलकं पाणी द्या. मात्र पानांवर फवारून ती ओली ठेवू नका. ते पाणी उडताना उलट पानांचीच ऊब घेऊन जाईल, आणि ओल्या पानांवर रोग बसतो तो वेगळाच.

आपलं अंग

घाम हाच आपला कूलर. एक लिटर घाम अंगावरून उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. अट एकच, तो अंगावरूनच उडाला पाहिजे. कपाळावरून टपकलेला थेंब फुकट जातो. किनाऱ्यावर घाम भरपूर येऊनही बरं वाटत नाही ते यासाठी. तिथे पंख्याखाली बसा, सैल सुती कपडे घाला, म्हणजे घामाला वाट मिळेल. कोरड्या मुलखात हवा चाळिशीपलीकडे गेली की नुसता पंखा भट्टीचा भाता होतो; तेव्हा ओला पंचा खांद्यावर घ्या, मग पंख्याखाली बसा. गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायला मीठ घातलेलं ताक, पन्हं, कोकम सरबत घेत राहा, तहान लागायची वाट न बघता.

उन्हात राबणारा माणूस असंबद्ध बोलायला लागला, भोवळ येऊन पडला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर हा उष्माघात आहे असं धरून चला. १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत त्याला सावलीत आणा, कपडे सैल करा, सगळं अंग साध्या पाण्याने ओलं करा आणि जोरजोरात वारा घाला. बर्फ असेल तर फडक्यात बांधून काखेत आणि जांघेत धरा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

माझा तो कूलर शेवटी परत नागपूरला गेला, भावाकडे. तिथे तो अजून झकास चालतो. डोंबिवलीच्या घरात आता खिडकीत एक माठ आहे आणि पश्चिमेची खिडकी दुपारी उघडी असते. या उन्हाळ्यात गारवा हवा असेल तर बर्फ आणायला निघण्याआधी ओल्या चिंधीचा थर्मामीटर एकदा लावून बघा, आणि मग समोरची खिडकी उघडा.